फेज संशोधनाची वाट मायक्रोबायोलॉजीतूनच जाते

सोलापूरच्या एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असून, सांडपाण्यातून जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज किंवा थोडक्यात फेज, वेगळे करण्याचे प्रात्यक्षिक केल्यापासून तिला याच विषयात संशोधन करायचे आहे. हे काम धोक्याचे आहे का, त्याची वेगळी पदवी असते का आणि त्यापेक्षा डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, करून लवकर नोकरी धरणे बरे नाही का, असे ते विचारतात.

महोदय, सप्रेम नमस्कार.

फेज माणसाच्या पेशींना संसर्ग करत नाहीत. बहुतेक फेज तर जिवाणूच्या एकाच जातीच्या काही मोजक्या स्ट्रेनवरच, म्हणजे उपप्रकारांवरच, वाढतात. जपायचे असते ते ज्या जिवाणूवर फेज वाढवायचा त्याच्यापासून. महाविद्यालयात ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचे निरुपद्रवी स्ट्रेन वापरतात, मात्र पुढे क्लेबसिएलासारख्या रुग्णालयांत आढळणाऱ्या जिवाणूंवर काम करताना बायोसेफ्टी लेव्हल 2 ची, म्हणजे रोगकारक जिवाणू हाताळण्यासाठी ठरवलेल्या सुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा आणि रीतसर प्रशिक्षण लागते.

सांडपाणी 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, जिवाणूंसह सॉफ्ट अगार या मऊ जेलीसारख्या माध्यमामध्ये मिसळून प्लेटवर ओतले की दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या धूसर थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ ठिपके दिसतात, त्यांना प्लाक म्हणतात. आपल्या कन्येला भुरळ पडली ती बहुधा त्यांचीच, आणि त्यात नवल नाही. मात्र खरे काम त्यानंतरचे आहे: एकच प्लाक उचलून फेज पुन्हापुन्हा शुद्ध करणे, तो किती स्ट्रेन मारतो हे तपासणे आणि त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, वाचून त्यात विषाची किंवा जिवाणूच्या डीएनएमध्ये दडून बसण्याची जनुके नाहीत याची खात्री करणे. अशी जनुके असलेला फेज उपचाराच्या कामाचा नसतो. म्हणूनच तिने प्लेटइतकाच वेळ बायोइन्फर्मेटिक्सला, म्हणजे संगणकावर जनुकीय माहिती अभ्यासण्याला, द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हा विषय नवा नाही. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात हे ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ हँकिन यांनी 1896 मध्येच नोंदवले होते आणि 1917 मध्ये पॅरिसमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ देरेल यांनी फेज हे नाव दिले. पुढे प्रतिजैविके आल्यावर जॉर्जिया देशातील तिबिलिसीसारखी काही केंद्रे वगळता जग हा उपचार विसरले. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे त्याकडे पुन्हा लक्ष गेले असले, तरी आपल्याकडे फेज हे अजून रुग्णालयातले रोजचे औषध नाही, त्यामुळे थेट या नावाच्या नोकऱ्या थोड्याच आहेत.

पदवीच्या पातळीवर वेगळा अभ्यासक्रम शोधत बसू नये. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी., त्यासाठी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा, मग संशोधन फेलोशिपसाठीची सीएसआयआर नेट परीक्षा आणि पीएच.डी. हाच मार्ग आहे. पीएच.डी. करताना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, पण तिथवर पोहोचण्याआधीची एम.एस्सी.ची वर्षे घराने सांभाळावी लागतात. ती सांभाळणे कठीण असेल तर डीएमएलटी करण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त रोजच्या तपासण्यांच्या कामातून संशोधनाकडे परतणारे विद्यार्थी मी फार थोडे पाहिले आहेत, हे निर्णय घेताना लक्षात घ्यावे.

तूर्त तिने विभागप्रमुखांची परवानगी घेऊन स्वतःचा एक फेज शुद्ध करून त्याची नीट वही ठेवावी आणि विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करावा. हे अर्ज साधारणतः आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत मागवले जातात, तेव्हा शिक्षकांचे शिफारसपत्र आधीच मागून ठेवलेले बरे.