एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणजे निदान चुकले का?

तुमच्या भावाचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला आणि स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात मेंदू आकसतो असे तुम्ही वाचले, म्हणून निदानच चुकले की काय, अशी शंका तुम्हाला येते आहे. तसे समजू नका. तुम्ही वाचलेले संशोधन खोटे नाही. पण ते गटाच्या सरासरीविषयी आहे आणि एका माणसाच्या स्कॅनवरून त्याचा पडताळा घेता येत नाही.

‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्तींची स्कॅन एकत्र अभ्यासली. मेंदूच्या आतल्या भागांपैकी सर्वाधिक फरक स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये आढळला आणि तोही प्रमाण विचलनाच्या, म्हणजे माणसामाणसांत एरवीच आढळणाऱ्या चढउताराच्या मापाच्या, निम्म्याहून कमी (०.४६) इतकाच होता. याचा हिशेब असा, की एक रुग्ण आणि एक निरोगी अशा शंभर जोड्या लावल्या, तर साधारण ६३ जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल आणि उरलेल्या ३७ जोड्यांत चक्क मोठा.

शिवाय मोजमापातच एक अडचण आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. स्कॅनरच्या नळीत, त्या ठकठकाटात, मिनिटामागून मिनिटे डोके न हलवता पडून राहणे अस्वस्थ माणसाला जड जाते. डोके किंचित हलले तरी करड्या द्रव्याची, म्हणजे मेंदूच्या पेशी असलेल्या बाहेरच्या थराची, कड पुसट होते आणि संगणक त्याची जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी मोजतो. रुग्ण सरासरीने जास्त हलतात, त्यामुळे आजाराचा म्हणून नोंदलेला काही फरक निव्वळ हालचालीचा असू शकतो.

औषधांचा गुंता याहून अवघड आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या २११ रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटलेले दिसले. पण ज्याचा आजार तीव्र त्यालाच जास्त औषध मिळते, तेव्हा कारण कोणते हे त्यातून ठरत नाही. निरोगी माकडांना दीड-दोन वर्षे हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झपिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधे दिल्यावर त्यांच्या मेंदूचे वजन ८ ते ११ टक्के कमी भरले होते. दुसरीकडे, औषध कधीच न घेतलेल्या रुग्णांतही काही फरक आढळतात.

भावाचा एमआरआय गाठ, सूज असे दुसरे कारण नाही ना, एवढे पाहण्यासाठी काढला असणार. निदान लक्षणे, त्यांचा कालावधी आणि घरच्यांनी सांगितलेला पूर्वेतिहास यांवरूनच होते. औषधांची भीती वाटत असेल तर डोसबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. हा रिपोर्ट पाहून गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.