वाचकांचे प्रश्न : सभागृहाचे नियम नक्की ठरवतं कोण?

प्रश्न : विधानसभा अध्यक्षांची निवड पूर्वी गुप्त मतदानाने व्हायची, मग अचानक उघड मतदान आलं. घटनादुरुस्ती न करता असा नियम कसा काय बदलला? – एक वाचक, सांगली

उत्तर : घटनादुरुस्ती लागतच नाही. कलम १७८ मध्ये एवढंच आहे की विधानसभेने आपल्याच सदस्यांतून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत, ते चिठ्ठी टाकून की हात वर करून हे घटनेने सांगितलेलं नाही. आणि कलम २०८ प्रमाणे कामकाजाचे नियम ज्या त्या सभागृहाने स्वतःच करायचे असतात, म्हणजे विधेयक नको, राज्यपालांची सही नको, सभागृहात बहुमत असलं की झालं. आणि सगळी गोम इथेच आहे.

आता २०२१ चं बघा. फेब्रुवारीत नाना पटोलेंनी राजीनामा दिला, अध्यक्षपद रिकामं झालं. महाविकास आघाडीकडे आकडे होते पण गुप्त मतदानात कोण फुटेल याची धास्ती होती, कारण चिठ्ठीत व्हीप (म्हणजे कुणाला मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर पकडणार कसं? म्हणून डिसेंबरच्या अधिवेशनात नियम ६ आणि ७ बदलून निवड आवाजी, उघड पद्धतीने करायची असं ठरवलं. लोकसभेत तर असंच होतं, हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो खोटा नव्हता. पण निवडणुकीची तारीख राज्यपालांनी द्यायची असते आणि तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी म्हणाले हा बदलच घटनाबाह्य वाटतो. तारीख काही मिळाली नाही, सगळा कारभार उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांवर चालला.

पुढे जून २०२२ मध्ये सरकार पडलं, शिंदे-फडणवीस आले, आणि लगेच तारीख मिळाली! ३ जुलैला त्याच बदललेल्या नियमाने शिरगणती होऊन राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ ने निवडून आले, म्हणजे आघाडीने स्वतःसाठी केलेला नियम वापरला भाजपने, आणि पडले आघाडीचे राजन साळवी. (नार्वेकरांचे सासरे रामराजे निंबाळकर तेव्हा परिषदेचे सभापती, त्यामुळे लोक सासरे-जावयांबद्दलच बोलत बसले, नियमाबद्दल कोण बोलणार.) माझं विचाराल तर उघड मतदानच बरं, आपल्या आमदाराने कुणाला मत दिलं हे मतदाराला कळायलाच हवं. पण आपली खुर्ची अडचणीत आली की मगच नियम दुरुस्त करायचा हे काही बरोबर नाही, मग करणारा कुठल्याही पक्षाचा असो.

प्रश्न : सभागृह आपल्या मर्जीने नियम करू शकतं, तर मग १२ आमदारांचं निलंबन सुप्रीम कोर्टाने रद्द कसं केलं? कोर्टाला तिथे बोलायचा अधिकार आहे का? – एक वाचक, परभणी

उत्तर : प्रश्न एकदम नेमका आहे. कलम २१२ म्हणतं की कामकाजात पद्धतीची काही चूक झाली एवढ्या कारणावरून कोर्टात जाता येत नाही. पण 'पद्धत चुकली' वेगळं आणि 'अधिकारच नव्हता' वेगळं. ५ जुलै २०२१ ला ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गोंधळ झाला, त्यावेळी भास्कर जाधव तालिका अध्यक्ष म्हणून (अध्यक्ष-उपाध्यक्ष नसताना सभागृह चालवणारे सदस्य) खुर्चीत होते, आणि भाजपच्या १२ आमदारांना चक्क वर्षभरासाठी सस्पेंड केलं. आता विधानसभेचाच नियम ५३ काढून बघा. त्यात शिक्षा पायरीपायरीने आहे, गोंधळ घातला तर त्या दिवसापुरतं बाहेर, त्याच अधिवेशनात परत केलं तर उरलेलं अधिवेशन बाहेर. बस्स, पुढे काही नाही. अधिवेशन दोनच दिवसांचं होतं, म्हणजे ६ तारखेला विषय संपायला हवा होता.

२८ जानेवारी २०२२ ला कोर्टाने अधिवेशनापलीकडचं निलंबन रद्द केलं. त्यातला मला सगळ्यात पटलेला मुद्दा असा, की आमदाराला कायमचं काढून टाकलं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते, लोकांना नवा माणूस मिळतो. वर्षभर निलंबित ठेवलं तर जागाही रिकामी नाही आणि बोलणाराही कोणी नाही, म्हणजे शिक्षा आमदाराला कमी आणि त्या मतदारसंघाला जास्त. शिवाय असे १२-१५ जण बाजूला बसवून बहुमताचं गणितच फिरवता येईल, तो धोका आहेच.

प्रश्न : टीव्हीवर सभागृह रिकामं दिसतं तरी कामकाज चालू असतं, हे चालतं का? – एक वाचक, नगर

उत्तर : कोरमला, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश सदस्य लागतात, २८८ चे म्हणजे २९. हे घटनेतच आहे, कलम १८९ मध्ये. तेवढे नसतील तर अध्यक्षांनी कामकाज थांबवायला हवं, मग घंटी वाजते आणि लॉबीतून, कँटीनमधून माणसं गोळा केली जातात. पण प्रत्यक्षात कोणी उठून 'कोरम नाही' म्हणेपर्यंत सगळे गप्प असतात, आणि रात्री उशिराच्या चर्चेत दोन्ही बाजूंना गप्प राहणंच सोयीचं असतं!

प्रश्न : आमच्या रस्त्याचा तारांकित प्रश्न आमदारांनी टाकला, उत्तर आलं 'हे अंशतः खरे आहे'. याचं करायचं काय? – एक वाचक, माणगाव

उत्तर : हसू नका, पण हे उत्तर वाईट नाही. 'हे खरे नाही' आलं की पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना 'प्रश्न उद्भवत नाही' लिहून खातं मोकळं होतं. अंशतः म्हणजे काहीतरी कबूल केलंय. तारांकित प्रश्नाचा फायदा असा की तो सभागृहात पुकारला गेला तर मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी. पण प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले थोडेच प्रश्न पुकारले जातात, बाकीची उत्तरं नुसती पटलावर जातात, तुमचंही तसंच झालेलं दिसतंय.

मग आमदारांना सांगा की पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) द्या, आणि ती लागली तर मंत्र्यांकडून मुदत वदवून घ्या, नुसतं 'तपासून घेऊ' नको. सभागृहात दिलेलं आश्वासन कामकाजाच्या वृत्तांतात येतं आणि ते पाळलं की नाही हे बघायला आश्वासन समिती असते. वृत्तांतातलं ते पान काढून ठेवा, पुढच्या वेळी अर्जाला तेच जोडा.