सगळ्या टर्मिनलांना १ गुण मिळाला, पुढे काय?

न्हावाशेवाची पाच टर्मिनलं घेतली, धक्क्याची लांबी, यार्डाचं क्षेत्रफळ, धक्क्यावरच्या क्रेन आणि आरटीजी (यार्डातल्या रबरी चाकांच्या क्रेन) ही चार इनपुट धरली, वर्षाचे टीईयू (वीस-फुटी कंटेनरच्या मापात मोजलेला माल) आउटपुट धरले आणि डीईएमध्ये (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे इनपुट-आउटपुटवरून कार्यक्षमता मोजायची पद्धत) जवळजवळ सगळ्यांना १, म्हणजे पूर्ण कार्यक्षमतेचा गुण मिळाला, असं तुम्ही लिहिलंय. मॉडेल बिघडलेलं नाही, नमुना तोकडा आहे. इनपुट-आउटपुट मिळून पाच आकडे, तर त्यांच्या किमान तिप्पट म्हणजे १५ टर्मिनलं हवीत, असा ठोकताळा आहे. पाचच असली की जवळजवळ प्रत्येक टर्मिनल कुठल्या ना कुठल्या गुणोत्तरात पहिलं येतं. मुंद्रा, पिपावाव, चेन्नई इथली टर्मिनलंही घ्या. कोलंबो घेताना मात्र जपून. तिथला बहुतेक माल ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे एकच कंटेनर उतरताना एकदा आणि चढताना एकदा, असा दोनदा मोजला जातो आणि गेटकडे फिरकतही नाही.

लांबीच्या रकान्यातही गोम आहे. तुमच्या पाचांपैकी एनएसआयजीटी या टर्मिनलाचा धक्का ३३० मीटर, त्याला लागूनच एनएसआयसीटीचा ६०० मीटर, आणि दोन्ही डीपी वर्ल्डकडे. ३६६ मीटरचं जहाज नुसत्या ३३० मीटरमध्ये मावणार कसं? या दोघांना ९३० मीटरचं एकच युनिट धरूनही गणित करून पाहा.

खरी अडचण टीईयूची आहे. माल किती आला हे बऱ्याच अंशी व्यापार आणि शिपिंग लाइन ठरवतात, टर्मिनल नाही. मंदीच्या वर्षात क्रेन तेवढ्याच चपळ असल्या तरी गुण घसरतो. म्हणून आधी जहाजापाशी मोजा.

समजा, जहाज धक्क्याला २० तास होतं आणि १,५०० मूव्ह (कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या खेपा) झाल्या. पहिला दोर बांधल्यापासून पहिल्या लिफ्टपर्यंत दीड तास गेला, शेवटच्या लिफ्टनंतर सुटायला दीड तास. काम १७ तास चाललं. सगळ्या क्रेनचे मिळून ६० क्रेन-तास. बर्थ उत्पादकता १,५०० भागिले २०, म्हणजे तासाला ७५. ग्रॉस क्रेन रेट १,५०० भागिले ६०, म्हणजे एका क्रेनमागे तासाला २५. त्या ६० पैकी ८ तास बिघाड आणि शिफ्ट बदलण्यात गेले असतील, तर ते वजा करून नेट रेट सुमारे २९. जाहिरातीत हा २९ छापला जातो, हे सांगायला नको. जहाजवाल्याला मात्र ७५ शीच मतलब, कारण त्याचं भाडं धक्क्यावरच्या तासांवर चढतं.

दोन टर्मिनलांची तुलना करण्याआधी इतकं तरी विचारा: हॅच कव्हर (जहाजाच्या कोठाराचं झाकण) उचलणं मूव्ह धरता का? रीस्टो, म्हणजे जहाजावरचाच कंटेनर हलवून परत ठेवणं, धरता का? ट्विन लिफ्टमध्ये दोन वीस-फुटी एकदम उचलले तर मूव्ह एक की दोन? या उत्तरांनीच रेट दोन-चारने हलतो. शिवाय टीईयू आणि मूव्ह यांची सरमिसळ करू नका. चाळीस-फुटी कंटेनर म्हणजे मूव्ह एक, टीईयू दोन.

जागतिक बँकेचा कंटेनर बंदर कामगिरी निर्देशांक (सीपीपीआय) जहाजाच्या बंदरातल्या वेळेवर उभा आहे. जहाजाचा आणि कॉलचा (त्या भेटीत हाताळलेल्या कंटेनरांचा) आकार पाहून तो गट पाडतो, ही त्याची जमेची बाजू. पण कंटेनर यार्डात किती दिवस पडून राहिला हे त्यात येत नाही.

स्पर्धात्मकता ही वेगळीच मोजणी. बंदराचा एकूण वाटा काढून फारसं कळत नाही, कारण चाकणचा माल एरवीही न्हावाशेवालाच येणार. दिल्ली-एनसीआरकडचा रेल्वेने येणारा माल मुंद्रा, पिपावाव आणि न्हावाशेवा यांच्यात कसा वाटला जातो ते दरवर्षी पाहा; चुरस तिथे आहे. आयातदाराच्या हिशेबात टर्मिनल हँडलिंग चार्ज, रेल्वेभाडं, ड्वेल टाइम (कंटेनर यार्डात पडून राहण्याचा वेळ) आणि ट्रेलरचा फेरा एकत्र येतात. ट्रेलरचा वेळ टर्मिनलं गेट-इनपासून गेट-आउटपर्यंत मोजतात. गेटबाहेर रांगेत गेलेले तास त्या आकड्यात नसतात, म्हणून तो वेळ ट्रान्सपोर्टरच्या जीपीएस नोंदींतून वेगळा काढा.