रेसिडेन्सीत फुलांचे फोटो काढताना

रेसिडेन्सीत, म्हणजे एका ठिकाणी राहून फक्त आपलं काम करायला मिळालेल्या काळात, पहिल्याच आठवड्यात सगळी बाग टिपायची घाई करू नकोस. एकच झाड निवड आणि कळीपासून पाकळ्या गळेपर्यंत रोज त्याच्याकडे जा. असा सलग वेळ एरवी मिळत नाही. सकाळी वारा बहुधा कमी असतो. ऊन कडक झालं की वर पातळ पांढरं कापड धर, सावल्या मऊ होतात. लाल फुलांना मात्र जप! एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) थोडं कमी ठेव, नाहीतर लाल चॅनल (फोटोतली लाल रंगाची नोंद) आधी भरतो आणि पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) रंगांनुसार वेगळा बघ. अगदी जवळून एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, जेमतेम केसराचं टोक शार्प येतं, म्हणून छिद्र लहान करून एफ/८ ते एफ/११ आणि ट्रायपॉड. सुकलेली फुलंही काढ, मला तर तीच जास्त आवडतात.