पहिल्यांदाच फिट आली, सीटी नॉर्मल आहे. ईईजी लगेच करावा की ओपीडीत?

तुमच्या २२ वर्षांच्या भावाला काल रात्री पहिल्यांदा फिट आली. कॅज्युअल्टीत साखर, सोडियम, सीटी सगळं नॉर्मल निघालं, आता तो नीट बोलतोय आणि ईईजीसाठी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) पुढच्या आठवड्याची तारीख मिळालीय. माझं मत विचाराल तर आठवडा घालवू नका. जीवाला धोका आहे म्हणून नव्हे; पहिल्या २४ तासांतल्या ईईजीत मिरगीच्या खुणा सापडण्याची शक्यता जास्त असते. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात २४ तासांच्या आत ५१ टक्के, नंतर ३४ टक्के असं प्रमाण होतं. टेक्निशियन बहुतेक ठिकाणी दिवसाच असतो, त्यामुळे रात्री झाला नाही यात कॅज्युअल्टीचा दोष धरू नका. सकाळीच न्यूरॉलॉजीत विचारा. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवलं असेल तर त्यांच्याच सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात.

खरा तातडीचा ईईजी वेगळा. झटके थांबले, तासभर झाला, तरी माणूस शुद्धीवर येत नाही किंवा भलतंच बरळतोय, तेव्हा अंग शांत असूनही मेंदूत फिट चालू असू शकते. ते ईईजीशिवाय कळत नाही. तिथे सकाळची वाट पाहायची नसते.

तयारी साधी. आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवा, तेल लावू नका. तेलामुळे इलेक्ट्रोड नीट धरत नाहीत. उपाशी नेऊ नका. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. कॅज्युअल्टीत मिडाझोलम किंवा लोराझेपाम हे फिट थांबवणारं औषध दिलं असेल तर टेक्निशियनला वेळेसकट सांगा, कारण त्याने जलद लहरी वाढतात आणि खुणा दबू शकतात. तपासणी साधारण २०-३० मिनिटांची. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, मग डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात. सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट असेल तर आधी सांगा: जोराचा श्वास त्याला करू देत नाहीत, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होण्याचा धोका असतो. विदर्भात हे विचारलं गेलंच पाहिजे, पण गर्दीत राहून जातं. आणि मे महिन्यात खोली थंड हवी; घामाने ईईजीची रेषा संथ हेलकावे घेते आणि रिपोर्ट बिघडतो.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी. फिटनंतर काही तास, कधी दिवसभर, लहरी मंद राहतात. लवकर काढलेल्या ईईजीत नुसतं ‘स्लोइंग’ लिहिलं असेल तर ती मिरगी ठरत नाही. पुन्हा काढावा लागतो. ‘स्पाइक’ किंवा ‘शार्प वेव्ह’ या टोकदार लहरी मात्र महत्त्वाच्या, पुन्हा फिट येण्याचा धोका त्याने वाढतो. मिरगीवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (ILAE) २०१४ च्या व्याख्येनुसार, तात्कालिक कारण नसताना आलेल्या एका फिटनंतरही, पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा जास्त असेल तर मिरगी म्हणतात. गोळ्यांचा निर्णय बराचसा त्यावर होतो.

नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असंही नाही. मग जागरण करवून, झोपेतला ईईजी काढतात. सोबत कॉन्ट्रास्ट एमआरआयबद्दल विचारा, कारण आपल्याकडे मेंदूतला कृमीचा सिस्ट आणि टीबीची गाठ ही फिटची नेहमीची कारणं आहेत आणि साध्या सीटीत ती निसटू शकतात. फिट होती की नुसती चक्कर, हे मात्र ईईजीपेक्षा बघणाऱ्याच्या वर्णनावरून जास्त ठरतं, तेव्हा ज्याने काल पाहिलं त्यालाच डॉक्टरकडे सोबत न्या. तोवर भावाची दुचाकी आणि तलावात पोहणं बंद.