काय बंद पडलं, ते आधी विचार

चि. मुली,

प्रबंध गुडघेदुखीवर घ्यावा की मधुमेहावर, असं विचारतेस. ‘गुडघ्यानं कुणी मरत नाही’ असं तुला सांगितलं गेलं आणि तू डगमगलीस. मरत नाही, खरं आहे. मग मोजायचं फक्त मरणच का?

सांध्यांच्या झिजेचे रुग्ण भारतात 1990 मध्ये सुमारे 2.3 कोटी होते, 2019 मध्ये 6 कोटींच्या वर गेले. जगभरात यात बायका जास्त. आणि ज्या मधुमेहासाठी तू गुडघा सोडायला निघालीस, त्याच्या रुग्णाला आपण काय सांगतो? रोज चाला. गुडघा धरलेली बाई कशी चालणार? चालणं थांबलं की वजन वाढतं, साखर वाढते, गुडघ्यावरचा भारही वाढतो. दोन आजार वेगळे काढून दाखव मला.

म्हणून सांगतो, ‘दुखतं का?’ एवढंच विचारून थांबू नकोस. काय बंद पडलं, ते विचार. एक्स-रेवर भरपूर झीज असलेली बाई आठवडी बाजार करून येते. दुसरीची फिल्म बरी दिसते, पण तिची भांगलण सुटलेली असते, मजुरी गेलेली असते. फिल्म बघून ‘गॅप पडलाय’ म्हणायचं आणि दुखणं मारणाऱ्या गोळ्या लिहायच्या, याला तपासणी म्हणत नाहीत. त्याच गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात.

‘काय बंद पडलं?’ हा प्रश्न मी केसपेपरवर छापून घेतला होता. ओपीडी खोळंबते म्हणून वरिष्ठांनी काढायला लावला. मी हातानं लिहीत राहिलो. हेकट म्हणाले, म्हणू देत. त्या नोंदी कुणी छापल्या नाहीत, याची खंत मात्र आहे. पण मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम कुणाला आधी शिकवायचा आणि शस्त्रक्रियेला कुणाला पाठवायचं, हे मला त्याच उत्तरांनी सांगितलं. 2017 मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, चांगलंच झालं. पण व्यायाम शिकवणारं माणूस तालुक्याला मिळतं का, हे कोण बघणार?

‘यात नाव होत नाही’ हे तुझं वाक्य मला आवडलं नाही. पुन्हा लिहू नकोस.

विषय गुडघ्याचाच घे. प्रश्नावलीत काय बंद पडलं, हे पहिलं ठेव. लघवीला उकिडवं बसता येत नाही म्हणून बाई पाणी कमी पिते का, हेही विचार. लाजतील, म्हणून गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना सोबत ने. मसुदा झाला की पाठव.