गावच्या वऱ्हाडी शब्दकोशाशी एआय सहायक कसा जोडायचा?

प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूरकडच्या तुमच्या वाचनालयानं सहा हजार वऱ्हाडी शब्दांचा कोश संकेतस्थळावर टाकला आहे. पण एआय सहायकाला शब्द विचारला की तो मनानंच अर्थ ठोकून देतो. त्यानं आधी तुमच्या कोशात बघावं, असं करता येईल का?

येईल. त्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, वापरा. एआय सहायकाला बाहेरच्या माहितीशी जोडण्याची ही सामायिक पद्धत. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये तो खुला केला आणि २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनंही स्वीकारला, त्यामुळे प्रत्येक सहायकासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही. कोश एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत ठेवा: शब्द, लिंग, अर्थ, उदाहरणवाक्य, कोणत्या भागात बोलतात, पानाचा दुवा. पायथन ३.१० किंवा पुढचं घ्या आणि एमसीपीच्या पायथन संचातला फास्टएमसीपी वापरून एक लहान प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, बनवा. त्यात 'शब्द शोधा' एवढं एकच टूल, म्हणजे सहायकाला वापरता येणारं काम, लिहा. नोंदी बदलण्याचं टूल अजिबात देऊ नका.

इथवर सोपं आहे. खरी मेहनत शब्द सापडण्यात आहे.

'पऱ्हाटी'तला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत) लावलं की र अधिक नुक्ता यांचा ऱ होतो, पण जॉइनरचा प्रकार तसाच राहतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एनएफसी, मग 'र, हलन्त, जॉइनर' यांच्या जागी 'ऱ, हलन्त', आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढा. जॉइनर आधीच काढून टाकले तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. 'अॅ' आणि 'ॲ' यांनाही एनएफसी एक करत नाही, ते हातानं करा. हे सगळं कोशातल्या शब्दाला आणि विचारलेल्या शब्दालाही लावायचं. एकालाच लावलं तर काही उपयोग नाही.

दुसरी अडचण बोलीची. लोक 'डोया' लिहितील, 'डोळा' लिहितील. 'पानी' लिहितील, 'पाणी' लिहितील. त्यासाठी एक सैल रूप वेगळ्या रकान्यात साठवा: ळ चा य, ण चा न, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व. आधी नेमकं रूप शोधा, नाही मिळालं तरच सैल. पण सैल जुळणीत 'काळा' आणि 'काया' एकच होतात. म्हणून तिथं मिळालेले शब्द उत्तर म्हणून देऊ नका, 'हे जवळचे शब्द' म्हणून पाचपर्यंत द्या. 'डोयाले', 'वावरात' अशी रूपं कोशात नसणार. टूलच्या वर्णनातच लिहा: विभक्ती काढून मूळ शब्द पाठवा. सहायक ते वर्णन वाचूनच टूल कधी आणि कसं वापरायचं हे ठरवतो, त्यामुळे त्या चार ओळींवर वेळ घालवा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे 'नाही' म्हणणं. शब्द नसेल तेव्हा टूलनं रिकामं उत्तर पाठवलं तर सहायक ती जागा अंदाजानं भरतो, आणि वऱ्हाडीबद्दलचा त्याचा अंदाज बहुधा प्रमाण मराठीवरून किंवा हिंदीवरून आलेला असतो. म्हणून स्पष्ट वाक्य पाठवा: 'या कोशात नोंद नाही, अर्थ अंदाजानं सांगू नये.' न सापडलेला शब्द तारखेसह वेगळ्या तक्त्यात टाका (विचारणाऱ्याची माहिती नको). पुढं कोशात कोणते शब्द घ्यायचे, याची यादी त्यातूनच तयार होते.

एक बारीक गोष्ट. माहिती पाठवायच्या जेसन स्वरूपात पायथन देवनागरी अक्षरांचे सांकेतिक आकडे करून पाठवतं, म्हणजे 'डोया'ची २४ चिन्हं होतात आणि टोकन (सहायक मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) वाया जातात. 'एन्शुअर आस्की' हा पर्याय बंद ठेवा.

आधी स्वतःच्या संगणकावर, क्लॉड डेस्कटॉपच्या सेटिंग फाइलीत सर्व्हर नोंदवून बघा. प्रोग्रामच्या फाइलीचा पत्ता पूर्ण द्या, विंडोजवर प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा लिहा, आणि नुसती खिडकी न मिटता प्रोग्राम पूर्ण बंद करून उघडा. अशा जोडणीत साधं 'प्रिंट' वापरलं की ती ओळ प्रोटोकॉलच्या संदेशांत मिसळते आणि जोडणी तुटते. तपासणीच्या ओळी स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेवर, पाठवा. अडलंच तर एमसीपी इन्स्पेक्टर हे तपासणीचं साधन लावून सहायकाशिवाय टूल तपासता येतं.

पण गावातले लोक मोबाइलवरून विचारणार. त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर, एचटीटीपीएसच्या पत्त्यावर, स्ट्रीमेबल एचटीटीपी या एमसीपीच्या इंटरनेटवरून जोडायच्या पद्धतीनं चालवावा लागतो. वाचनालयातल्या संगणकावर तो ठेवू नका, वीज गेली की कोशही जाईल. भाड्याचा लहानातला लहान सर्व्हर पुरतो, कारण सहा हजार नोंदींची फाइल जेमतेम काही एमबीची असते. मिनिटाला एकूण किती विचारणा घ्यायच्या, याची मर्यादा मात्र घाला.

सर्व्हरचा पत्ता वाटण्याआधी तीसेक प्रश्न कागदावर लिहून तपासा. 'काहून', 'उलुसा' असे सुटे शब्द घ्या, आणि 'माह्या वावरात पऱ्हाटी लाल पडली' असं पूर्ण वाक्यही घ्या. पाच शब्द मुद्दाम बनावट ठेवा. त्या पाचांपैकी एकाचाही अर्थ सहायकानं सांगितला, तर टूलचं वर्णन पुन्हा लिहा आणि पुन्हा तपासा.